माग वाढवला

आमच्या घरात शिरलं की उजव्या हाताला आधी खड्डा लागायचा. नवा माणूस दारात दिसला की माय आतूनच ओरडायची, "जपून जी, पाय पडन!" त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसायचे. पाय खालच्या फळ्या दाबायचे, एक हात दोरी ओढायचा आणि धोटा सुताच्या पोटातून इकडून तिकडे पळायचा. खट्, खटाक्. खट्, खटाक्. आंधळगावच्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मागच माग. शेजारच्या दसरूकाकांचा माग मध्येच एक ठोका गाळायचा. माय म्हणायची, "दसरूभाऊचा माग लंगडते." भिंतीपलीकडून काका उत्तर द्यायचे, "लंगडते, पन तुमच्यावानी सकाळी सकाळी भांडत नाही, वहिनी!" दसऱ्याला जन्मले म्हणून दसरू. गल्लीत हसणं त्यांच्यापासून सुरू व्हायचं आणि त्यांच्यापाशीच संपायचं.

सकाळी भात शिजला की माय गंजातली पेज दोन भांड्यांत काढायची. एकात मीठ टाकून आम्ही प्यायचो. दुसरं भांडं सुतासाठी. पेज लावली की सूत ताठ होतं, तुटत नाही. म्हणून आमच्या गल्लीला कायम भाताच्या पेजेचा आंबूस वास असायचा. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की तो वास माझ्या कपड्यांनाही येतो. दुपारी लाखोळीच्या डाळीचं वरण, हिवाळ्यात तळ्यातले उकडलेले शिंगाडे. जेवण झालं की मी आणि माय चरख्यावर कांड्या भरायला बसायचो. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती सुताची छोटी गुंडाळी. बाबांना कांडी हवी असली की ते मागं न बघता नुसता हात पसरायचे. त्या हातावर कांडी ठेवण्यात मला लहानपणी फार मोठेपणा वाटायचा.

दिवेलागणीला बाबा धोटा काढून कपाळाला लावायचे, कापडावर जुनं धोतर पांघरायचे आणि म्हणायचे, "चला, वाढवतो आता." आमच्याकडे माग 'बंद' करत नसत. माग वाढवत. दुकानदार रात्री दुकान वाढवतो, देवापुढं नारळ वाढवतात, सवाष्णीची बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतात, तसंच. पण दुकानदार चुकून 'दुकान बंद केलं' म्हणून जातो, आमच्याकडे ती चूकसुद्धा चालत नसे. मी चार-पाच वर्षांची असताना एकदा 'बाबा, माग बंद करा ना' म्हणाले, तर आजीनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. मारला नाही, नुसता ठेवला. एवढ्यानंच कायमचं समजलं.

सूत यायचं सरकारी केंद्रातून. बसस्टँडजवळ त्याची बैठी इमारत होती. तिथून सूत आणायचं, जाड पांढरी धोतरं आणि चादरी विणून परत द्यायच्या, मजुरी घ्यायची. बाबांनी आयुष्यभर त्या केंद्रासाठी विणलं, पण ते केंद्राचे नोकर कधीच नव्हते. घरी बसून काम करणारा माणूस कोणाच्या हजेरीत नसतो. त्याचा अर्थ आम्हाला केंद्राला कुलूप लागलं तेव्हा कळला. एका बाजाराच्या दिवशी बाबा सूत आणायला गेले आणि रिकामी सायकल घेऊन आले. पुढच्या आठवड्यातही तेच. मग दाराला कुलूप. आतल्या बाबूंच्या बदल्या झाल्या. आम्हाला मात्र कोणी कामावर ठेवलंच नव्हतं, त्यामुळं कोणी काढलंही नाही. एक दिवस होतो, एक दिवस नव्हतो.

गल्ली हळूहळू मुकी झाली. आधी टोकाची घरं, मग मधली. लोक पाराजवळ भेटले की एकमेकांना विचारायचे, "का गा, कसं?" आणि उत्तर यायचं, "वाढवला." त्यावर दुसरा नुसती मान हलवायचा. बाबांनी आमचा माग सगळ्यात शेवटी वाढवला. घरात उरलेलं सूत संपेपर्यंत त्यांनी आमच्यासाठीच एक चादर विणली, मुद्दाम सावकाश. ती निघाल्यावर मायनं खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि म्हणाली, "कुंदा, इथं बसून अभ्यास कर. उजेड चांगला हाये." मी बारावीचा अभ्यास त्या फळ्यांवर केला. खाली पोकळ होतं. पुस्तक आपटलं की घुमायचं.

बारावी झाली आणि मी तालुक्याजवळच्या एका कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. तिथं कसं बसायचं, कोणाला काय विचारायचं, काहीच माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात एका तासाला माझ्या तोंडून "मले समजलं नाही, सर" असं गेलं आणि मागचे दोन बाक हसले. माझे कान तापले. पण मराठीचे सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हसता कशाला? ही भाषा तुमच्या पुस्तकाहून जुनी आहे. तुझं गाव कोणतं? आंधळगाव? म्हणजे विणकरांच्या कोष्टीपुऱ्यातली का? मग तुझ्याकडून मला बरंच शिकायचंय." आयुष्यात पहिल्यांदा शिकलेला माणूस मला म्हणाला होता की माझ्याकडून काही शिकायचंय. घरी येऊन मी ते मायला तीन वेळा सांगितलं. ती म्हणाली, "देवमानूस दिसते."

सरांना झाडीबोलीतले, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीतले, शब्द जमवण्याचा नाद होता. मी रोज त्यांना एखादा शब्द नेऊन द्यायची. मुली वेणीत माळायला फुलं नेतात तशी. 'माग वाढवला' हा शब्दही मीच दिला. सर इतके खूश झाले की त्यांनी पूर्ण तासभर त्याच्यावर शिकवलं. अशुभ टाळण्यासाठी माणूस उलटा शब्द कसा वापरतो, नारळ का वाढवतात, दुकान का वाढवतात, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "पण आंधळगावचा विणकर सगळ्यांच्या पुढं गेला. त्याचा धंदा बुडाला तरी तो म्हणतो, वाढवला. केवढी श्रीमंत भाषा आहे ही!" मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी बसमधून घरी येताना मला खिडकीबाहेरची धानाची बांधीसुद्धा माझ्या मालकीची वाटत होती.

त्याच सुमारास योजनेची बातमी आली. गोंदिया वेगळं होऊन आमचा जिल्हा अर्धा राहिला होता आणि भाषणांत सगळे म्हणायचे, आता जिल्हा लहान झाला, आता प्रत्येक गावाकडं लक्ष देता येईल. दसरूकाका म्हणायचे, "घर वाटलं का भाकर मोठी होते, असं हे साहेब लोकं म्हनून राहिले." पण या वेळी खरंच काही येणार होतं. हातचं काम गेलेल्या कारागिरांसाठी सरकार तालुक्यात एक केंद्र काढणार होतं. तिथं नवं काम शिकवणार, शिकेपर्यंत दर महिन्याला घरखर्चाला आधार देणार, आणि नंतर तिथंच काम मिळणार. ज्या गावात माग सगळ्यात जास्त बंद पडले असतील, त्या गावात केंद्र. जिल्ह्याचे साहेब स्वतः गावात येऊन लोकांना विचारून खात्री करणार होते.

आमच्या घरात त्या केंद्रावर सगळं टांगलेलं होतं. दसरूकाकांचा मेहुणा नागपूरला यंत्रमागाच्या कारखान्यात होता. तो काकांना आणि बाबांना, दोघांनाही रात्रपाळीला घ्यायला तयार होता. बाबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. दुसऱ्याच्या छपराखाली त्यांनी कधी काम केलं नव्हतं, आणि कापसाच्या धुळीनं त्यांना हिवाळाभर खोकला असायचा. माय एकदा जेवताना म्हणाली, "तिथं भोंगा वाजला का उठा, भोंगा वाजला का खा. तुमाले जमन का?" बाबांनी ताटातला भात सारखा केला. म्हणाले, "केंद्र इथं आलं तं कायले जातो? नाही आलं तं पोळ्यानंतर जाईन. पोरीचं शिक्षन थांबवाचं नाही." लाखोळीचं वरण त्या दिवशी उरलं होतं, हे मला अजून आठवतं, कारण आमच्याकडे ते कधी उरत नसे.

साहेब बाहेरच्या राज्यातले, नवे. मराठी शिकलेले, पण पुस्तकातून. आमच्या भागातलं बोलणं त्यांना नीट समजत नव्हतं, म्हणून सोबत कोणी जाणकार असावा असं ठरलं आणि आमच्या सरांचं नाव निघालं. मला सरांनीच सांगितलं. मी हरखून गेले. सर सभेच्या आधी आमच्या घरी आले तेव्हा मायनं शेजारून खुर्ची आणली, तांदळाच्या पिठाचे वडे केले. सर खड्ड्यावरच्या फळ्यांवर पाय जपून ठेवत आत आले. त्यांनी बाबांना विचारून विचारून सगळं ऐकलं. कधी सूत थांबलं, कोणकोणाचे माग वाढवले, लोक आता काय करतात. बाबा फार बोलणारे नव्हते. पण सर जेव्हा म्हणाले, "तुम्ही 'बंद' म्हणत नाही ना, हे मला फार भावलं," तेव्हा बाबा लाजल्यासारखे हसले.

"बंद कसं म्हनाव, सर? मागावर लक्ष्मी बसते. तिच्या तोंडावर दार लावाव का?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

निघताना बाबा त्यांच्या मागं दारापर्यंत गेले. "सर, आमाले साहेबासमोर बोलता येत नाही. काही उलटंसुलटं गेलं तं…"

"मी साहेबांच्या शेजारीच बसणार आहे. त्यासाठीच तर बोलावलंय मला. तुम्ही काळजी करू नका."

मायनं त्यांच्या रुमालात वडे बांधून दिले.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात झाली. साहेब तरुण होते, सावळे, फार नम्र. उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. म्हणाले, "मी आपली सर्वांची माग पाहण्यासाठी आलो आहे." बायका पदराआड हसल्या. 'आपली माग' म्हणजे त्यांना आम्ही मागणी करतो ते म्हणायचं होतं की विणायचा माग, कोणालाच कळलं नाही. सर कानाशी वाकून त्यांना काही सांगत होते. मी बायकांच्या बाजूला मायजवळ बसले होते आणि मनात म्हणत होते, आपले सर आहेत तिथं, आता काही चुकत नाही.

साहेबांनी एकेकाला बोलावून विचारायला सुरुवात केली. टोकाच्या घरातले म्हातारे आजोबा पहिले. "आपला माग कसा आहे?"

आजोबांनी हात जोडले. "वाढवला जी."

"वाढवला?" साहेबांचा चेहरा उजळला. "छान! फार छान!"

आजोबा गोंधळून मागं सरले. दुसरा आला. "वाढवला साहेब." तिसऱ्यानं तर घसा खाकरून, सभेला शोभेल असं म्हटलं, "आमचा बी वाढवला जी, मागच्या दिवाळीतच." साहेब प्रत्येकाला मान डोलावून शाबासकी देत होते. माझ्या मागं दसरूकाका पुटपुटले, "छान म्हनते बापा हा. मानूस मेला तरी छान म्हनन का?" दोन-तीन जण खुदकन हसले. मला हसू आलं नाही. मला एकदम समजलं काय चाललंय. साहेबांच्या पुस्तकातल्या मराठीत वाढवणं म्हणजे मोठं करणं. आमचं अख्खं गाव रांगेत उभं राहून, हात जोडून, आमचा धंदा भरभराटीला आला म्हणून सांगत होतं.

मी सरांकडे पाहिलं. आता ते वाकतील आणि सांगतील. मला त्यांची वाक्यंही ठाऊक होती, त्यांनी वर्गात म्हटलेली. नारळ वाढवतात, बांगडी वाढते. एका वाक्याचं काम होतं. सरांनी समोर बघत म्हटलं, "पुढचे या."

दसरूकाका गेले, "वाढवला." बाबा गेले, "वाढवला जी." सर बाबांच्या पायांकडे पाहत होते. बाबा परत येऊन बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काम नीट पार पडल्याचं समाधान होतं. ते समाधान मला सहन झालं नाही. मी उभी राहिले. चारचौघांत मी तोवर कधी बोलले नव्हते.

"साहेब, वाढवला म्हणजे मोठा केला असं नाही. वाढवला म्हणजे बंद पडला. आमच्याकडे बंद म्हणत नाहीत. अशुभ असते. सरांना माहीत आहे."

साहेबांनी सरांकडे मान वळवली. "असं आहे काय?"

सर हसले. वर्गात हसायचे तसंच, मायेनं. "बोलीभाषेत एका शब्दाचे दोन्ही अर्थ होऊ शकतात, साहेब. पण मला वाटतं, लोक स्वतःच्या तोंडानं जे सांगतात तेच धरणं उत्तम. ही माझीच विद्यार्थिनी आहे. फार हुशार. घरची ओढ असतेच मुलांना."

साहेब वाईट माणूस नव्हते. मी आजही तेच म्हणेन. त्यांनी बाबांना पुन्हा पुढं बोलावलं. "आपण मला सरळ सांगा. आपला माग चालू आहे की बंद आहे?"

बाबा उभे होते. त्यांना प्रश्न कळला होता आणि उत्तरही माहीत होतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडात कधी आलाच नव्हता. त्यांच्या बापाच्याही नाही. समोर सगळी गल्ली बसलेली, एकूण एक विणकराची बाई बसलेली. मायनं पदराचं टोक दातात धरलं. मी उभीच होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बंद," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बंद हाये, साहेब. माग बंद हाये माहा."

टोकाच्या घरातल्या आजीनं जमिनीवर हात टेकून "शिव, शिव" केलं. माय रडायला लागली, आवाज न करता. दसरूकाकांनी मान खाली घातली. नंतरच्या आयुष्यात मी बरीच रडारड पाहिली, घरातली मरणं पाहिली, पण एवढी शरम एका शब्दाभोवती जमा झालेली पुन्हा पाहिली नाही.

"पण मघाशी आपण वाढवला म्हणालात?"

"होय जी. वाढवलाच."

"दोन्ही कसं होईल?"

बाबा सरांकडे पाहू लागले, पुरात सापडलेला माणूस काठावरच्याकडे बघतो तसे. सरांनी साहेबांकडे झुकून, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हटलं, "पहिलं उत्तर सहज आलेलं आहे, साहेब. दुसरं मुलीनं सांगितल्यावर आलं."

साहेबांनी हळूच मान हलवली. मग पुढचा माणूस बोलावला. तोही आला आणि सवयीनं म्हणाला, "वाढवला." पुढं मग 'बंद' म्हणायला कोणी धजलं नाही, आणि म्हटलं असतं तरी आता ते शिकवलेलंच ठरलं असतं.

सभा उठल्यावर मी जीपजवळ जाऊन उभी राहिले. सर रुमालानं मान पुसत आले. मी म्हणाले, "सर, तुम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वाढवला म्हणजे काय ते."

ते थांबले. रागावले नाहीत. मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं. "कुंदा, मी खोटं एक तरी वाक्य बोललो का? आठवून सांग." मी आठवलं. एकही नव्हतं. "तालुक्याला एकच केंद्र मिळणार आहे, बेटा. ते कुठं व्हावं याला शंभर बाजू असतात. तू अभ्यासाकडं लक्ष दे. उद्या तास आहे, चुकवू नको." जीप गेली. मी त्या धुळीत उभी राहून अजून वाक्यं तपासत होते. मला वाटत होतं, मीच काहीतरी नीट ऐकलं नसेल.

केंद्र मोठ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका गावी झालं. बातमी दसरूकाकांनी बाजारातून आणली, सोबत दुसरीही. ज्या नव्या इमारतीत केंद्र भाड्यानं बसलं ती सरांच्या सख्ख्या मेहुण्याची होती. बांधून दोन पावसाळे रिकामी पडलेली. काका नेहमीसारखे हसून सांगायला लागले होते, पण बाबांकडे पाहून मध्येच थांबले. बाबांनी एवढंच विचारलं, "त्यायले आपल्या घरचे वडे आवडले होते नं?" मायनं चुलीतली लाकडं मागं ओढली, स्वयंपाक अर्धा असताना.

तरी बाबा एकदा त्या केंद्रावर गेले. मी सोबत होते. वाटलं, गाव दुसरं असलं तरी माणूस तर बेकारच आहे, घेतील. दारातल्या तरुण बाबूनं आदरानं बसवलं, गावाचं नाव विचारलं आणि म्हणाला, "आंधळगाव? बाबाजी, हे काम गेलेल्यांसाठी आहे. तुमच्या गावात तर माग वाढले म्हणते ना." तो चिडवत नव्हता. त्याला तसंच सांगण्यात आलं होतं. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, बाबा तो थोडा वेळ ऐकत बसले. येताना बसमध्ये ते मला म्हणाले, "मी तो शब्द बोललो नसतो तं बरं झालं असतं, पोरी. केंद्र तं तसंही गेलंच असतं. घरातली लक्ष्मी तरी राहिली असती." मी त्यांचं म्हणणं तेव्हा अंधश्रद्धा समजून मनातल्या मनात खोडून काढलं. आता, माझी मुलगी कॉलेजात जाऊन मलाच चुका दाखवते त्या वयात, मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, तो कधी न बोललेला शब्द. ती सरकारनं त्यांच्याकडून मागून घेतली आणि मग खरी धरली नाही.

पोळा झाला आणि बाबा दसरूकाकांसोबत नागपूरला गेले. पिशवीत दोन धोतरं, खोकल्याचा काढा आणि आमच्यासाठी विणलेली ती चादर. मायनं ती जबरदस्तीनं दिली. काकांनी जाताना गल्लीकडे वळून हात केला आणि म्हणाले, "येतो गा, रडू नका, आमी काही लग्न होऊन नाही चाल्लो!" कोणी हसलं नाही. भिंतीपलीकडून बोलणारं कोणी उरलं नाही तेव्हा घर किती मोठं होतं ते कळलं.

कॉलेज मी सोडलं नाही. सोडलं असतं तर बाबांचं जाणं फुकट गेलं असतं, एवढा हिशोब मला कळत होता. मराठीच्या तासालाही मी बसायची, मागच्या बाकावर. शब्द न्यायचे मात्र थांबले. सरांनी त्याचं कारण कधी विचारलं नाही. त्यांच्या वागण्यात काहीच फरक पडला नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. मला वाटायचं, ते माझ्याकडे पाहायचं टाळतील, निदान आवाज तरी जरा बदलेल. तसं काही नव्हतं. जे घडलं त्याचं ओझं सगळं आमच्याच बाजूला पडलं होतं.

दिवाळीनंतर परीक्षेची उजळणी सुरू झाली. सरांनी फळ्यावर तोच विषय लिहिला, अशुभ टाळण्यासाठी वापरलेले शब्द. नारळ झाला, बांगडी झाली, दुकान झालं. मग ते प्रसन्नपणे मागच्या बाकांकडे वळले.

"आणि आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत सुंदर उदाहरण. कुंदा, तू सांग. तुमच्या घरचंच आहे."

मी उभी राहिले. ते खरोखर वाट पाहत होते, खडू हातात धरून, चेहऱ्यावर जुना कौतुकाचा भाव. त्यात खोट नव्हती. ते विसरले होते.

"आता तसं म्हणत नाहीत, सर," मी म्हणाले.

"म्हणजे? मग काय म्हणतात?"

"बंद म्हणतात."

मुलांनी माना खाली घालून ते लिहून घेतलं.